चार सह्यांचा माणूस

एका माणसाला किती सह्या असाव्यात? तुम्ही म्हणाल एक. चाकणच्या त्या कंपनीत लागेपर्यंत मीही तसंच समजत होतो. तिथे मला मामा भेटले. मामा म्हणजे आईचे भाऊ नव्हेत. कारखान्यात केस पिकले की माणसाचा आपोआप मामा होतो. पण आमच्याकडे नुसतं 'मामा' म्हटलं की एकच माणूस कळायचा. बाहेरून आलेला माल तपासून आत घ्यायचा, हे आमच्या विभागाचं काम. मामा तिथले प्रमुख आणि मी परभणीहून आलेला, त्यांच्या हाताखालचा इन्स्पेक्टर.

त्यांच्या चार सह्या होत्या. कंपनीच्या कागदावर करायचे तिच्याखाली दोन टिंबं. बँकेतल्या सहीचं शेपूट उजवीकडे लांबलचक. गॅसवाला, कुरिअरवाला असल्या लोकांसाठी एक आखूड, बिनरेघेची. आणि सरकारी कागदांसाठी आडनावापासून सुरू होणारी चौथी. मी कारण विचारलं तर त्यांनी मला रॅकवरचा एक खोका दाखवला. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक खेपेवर खूण करतात, म्हणजे उद्या एखादा नग खराब निघाला तर तो कुठल्या गाडीतून, कुठल्या दिवशी आला ते सापडतं.

"नग कुठनं आला ते सापडतंय न्हवं?" मामा म्हणाले. "मग सही कुठनं फुटली ते नको सापडाया?"

"पण मामा, तुमची सही आजवर कुणी चोरली का?"

"न्हाई. म्हंजे पद्धत चालतीया."

यावर काय बोलणार, कपाळ?

चहासुद्धा त्यांच्या पद्धतीनेच प्यावा लागे. गेटबाहेर चार टपऱ्या, पण सलग दोन दिवस एका टपरीवर जायचं नाही, कारण चहावाल्याला आपली वेळ कळते. चहावाल्याला आपली वेळ कळल्याने काय होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. कंपनीच्या बसमध्ये शेवटची सीट, पाठीमागे कुणी बसायला नको म्हणून. कुणी पेढे वाटले तर "आधी तू खा." पेढे देणाऱ्याने एक खाल्ला, की मग मामा अर्धा घेणार. एका दिवाळीला कंपनीने सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं दिली. मामांनी आपलं घड्याळ तिथेच टेबलावर उघडलं, आत काय आहे ते बघितलं आणि मगच पिशवीत टाकलं. आत सेल होता.

हसायचो आम्ही सगळे. मी सगळ्यात जास्त. पण मी हसायचो ते प्रेमाने, कारण या माणसाने माझी नोकरी वाचवली होती.

झालं असं, मला लागून महिनाही झाला नव्हता. शनिवारी संध्याकाळी एका सप्लायरची गाडी आली. त्याचा माणूस हात जोडून उभा. "साहेब, तुमची लाइन थांबायला आलीय, वरून फोनवर फोन येतायत, दोन मिनिटांत सोडा ना." मी वरच्या खोक्यातले नग मोजले, ठीक होते. सही ठोकली. मामा गेटकडे निघाले होते, ते मागे फिरले. त्यांनी सगळ्यात खालचा खोका ओढायला लावला. आत आम्हीच मागच्या महिन्यात परत पाठवलेला, गंज चढलेला माल. मामांनी माझा कागद फाडला, गाडी परत पाठवली आणि मॅनेजरला सांगितलं की माल तपासणीतच नापास झाला. माझं नावही घेतलं नाही. त्या रात्री बसमध्ये त्यांनी मला शेवटच्या सीटवर शेजारी बसवलं.

"त्यो काय म्हणाला तुला?"

"लवकर सोडा म्हणाला."

"घाई ज्याची, खोट त्याची. चांगल्या मालाची गाडी दोन तास थांबली तरी नासत न्हाई गड्या. कुणी 'आत्ताच कर' म्हणला की हात खिशात घालायचा."

हे वाक्य माझ्या इतकं अंगवळणी पडलं की पुढे मी मोबाइलचं सिमकार्ड घेतानासुद्धा हात खिशात घालून उभा राहायचो. माझी बायको म्हणायची, तुम्हाला मामा चावलाय.

मामांची बायको, मामी, अगदी उलट. चाकणजवळच्या त्यांच्या गावात जुन्या शेताच्या तुकड्यावर दोन मजली घर होतं. खाली मामांचा धाकटा भाऊ, वर मामा. भावाशी बोलणं जेवढ्यास तेवढं, कारण वाटणीच्या वेळी भावाने घाई केली होती म्हणे. वरच्या स्वयंपाकघरात मामी वीस वर्षं कंपन्यांतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे करायची. मीही लग्नापर्यंत तिच्या डब्यावर जगलो, आणि लग्नानंतरही गुरुवारी भाकरी-पिठल्यासाठी बायकोला चुकवून तिचाच डबा घ्यायचो. मामी कुणाचे पैसे थकले तरी डबा बंद करायची नाही. मामा चिडायचे. ती म्हणायची, "भुकेल्या माणसाची कसली चौकशी?"

त्या डब्यांच्या पैशांतून तिला ताथवड्यात फ्लॅट घ्यायचा होता. "जिथं खिडकीतनं दिराची म्हैस दिसणार न्हाई, असं घर," एवढीच तिची अट. मामांनी दीड वर्ष वीस-बावीस बिल्डर तपासले. एकाच्या भिंतीवर तर त्यांनी खिशातली पट्टी लावून बघितली. शेवटी एक पसंत पडला. दोघांच्या नावाने बुकिंग झालं. स्टॅम्प ड्यूटी ऑनलाइन भरून झाली, करारनामा छापून त्यावर सह्या झाल्या, आणि सोमवारी रजिस्ट्री करायची ठरली. शनिवारी सकाळी मामी गॅससमोर पडली. उजवी बाजू गेली.

दवाखान्यातून ती घरी आली ती स्ट्रेचरवरून, अर्धवट शुद्धीत. त्यानंतर ती वरच्या मजल्यावरून खाली आलीच नाही. त्या घराचा जिना म्हणजे शिडीच, एका वेळी एक माणूस कसाबसा चढेल असा. उचलून खाली नेतो म्हटलं तर ती ऐकायची नाही. "माणसांनी उचलून एकदाच न्यायचं असतंय. मला भुईवर घर द्या, मी माझ्या पायांनी उंबरा वलांडते." फ्लॅटचा ताबा मिळायला तीन वर्षं होती. तिला भुई आज हवी होती.

म्हणून फ्लॅट रद्द झाला. बिल्डरने कापून दिलेले पैसे दवाखान्यात गेले. आता उरली होती ती फक्त भरलेली स्टॅम्प ड्यूटी, म्हणजे मामीच्या वीस वर्षांच्या भाकऱ्या. रजिस्ट्री झालेली नसली तर ती परत मिळते, थोडी कापून. पण सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि कागद पुरे करावे लागतात. देहूरोडला एका बैठ्या घरात दोन खोल्या मामांनी बघून ठेवल्या होत्या. पुढे अंगण, अंगणात कडुलिंब. त्याच्या डिपॉझिटला हे पैसे लागणार होते. घरमालक थांबतो म्हणाला होता, पण किती दिवस थांबणार?

दुसरा कुणी असता तर पंधरा दिवसांत अर्ज करून मोकळा झाला असता. मामांनी पहिले अडीच महिने सरकारी वेबसाइट खरी की खोटी हे तपासण्यात घालवले. मुद्रांक ऑफिसच्या दारात उभे असलेले एजंट त्यांच्याकडे बघून हसले, तर हे तिथून परत आले. शेवटी मी म्हणालो, मामा, माझ्या मोबाइलवर भरू. रविवारी त्यांच्या घरी बसलो. फोनवर ओटीपी आला की मामा उठायचे, गॅलरीत जायचे, माझ्याकडे पाठ करून वाचायचे आणि मनात घोकत परत यायचे. तोवर त्याची वेळ संपलेली असायची. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी पलंगावरून मामी म्हणाली, "अवो, त्यानं तुमच्या बायकोच्या हातचं खाल्लंय. सांगा की त्याला आकडा." मामांनी आकडा सांगितला, पण कानात.

अर्ज गेला. मूळ कागद ऑफिसात दिले. सगळं ठीक चाललं होतं असं मला वाटत होतं. मला जे माहीत नव्हतं ते असं, की एका सोमवारी तिथल्या क्लार्कने मामांना बोलावून टेबलावर कागद मांडले. करारनाम्यावर बिल्डरसाठी केलेली आखूड सही एक, पॅन कार्डावरची दुसरी, बँकेच्या चेकवरची तिसरी. अर्जावर तर त्यांनी गडबडीत कंपनीची, दोन टिंबांची सही केली होती. क्लार्क म्हणाला, "काका, ही चार माणसं आहेत. यातल्या कुणाला पैसे देऊ?"

मामांनी त्याला पद्धत समजावून सांगायचा प्रयत्न केला म्हणे. मला तो क्लार्क भेटला तर मी त्याचे पाय धरीन, कारण तो हसला नाही. नात्यात नसलेल्या, पाच वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या, कायम नोकरीतल्या एका माणसाचं प्रतिज्ञापत्र आणा, म्हणाला, की या चारही सह्या यांच्याच. शुक्रवारी सहा महिने भरतात, तोवर आणा. म्हणजे पाच दिवस हातात.

आणि इथे मामांनी जे केलं ते फक्त मामाच करू शकतात. मला तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त वास यायला लागला. मंगळवारी कँटीनवाल्याने सांगितलं, मामा विचारत होते की तू उधारी ठेवतोस का. बुधवारी गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणाला, "भावा, काय लफडं केलंस? म्हातारा तुझ्या यायच्या-जायच्या वेळा विचारत होता." गुरुवारी तर कहर झाला. पिंपळे गुरवच्या माझ्या घरमालकीणबाईंचा फोन आला. "तुमच्या कंपनीतले एक गृहस्थ येऊन गेले. भाडं वेळेवर देतो का, कुणाला जामीन आहे का, विचारत होते. सगळं ठीक आहे ना?"

माझं डोकंच फिरलं. नऊ वर्षं या माणसाच्या हाताखाली काम केलं आणि हा माझी चौकशी करत गावभर फिरतो? आणि कशासाठी? माझ्या सख्ख्या मेव्हण्याने एका मित्राला जामीन राहून दोन वर्षं त्याचे हप्ते भरले होते. मला दुसरं काही सुचेना. मामा मला कशाततरी अडकवणार, एवढंच डोक्यात.

शुक्रवारी दुपारी मामा तपासणीच्या टेबलाशी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल. माझ्यासमोर एक टाइप केलेला कागद ठेवला.

"गड्या, हिथं सही कर. मग आपण नोटरीकडं जाऊ. अर्ध्या दिसाची सुट्टी सांगून ठिवलीया तुझी."

"कसला कागद आहे?"

"रिफंडचा हाय."

"रिफंडचे कागद तर आपण कधीच दिले की."

"तरुटी काढलीया त्यांनी." एवढंच. खुलासा करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

मी कागद बघितला. कोर्टाची भाषा. वर चार सह्यांचे नमुने. खाली शेवटची ओळ: यात काही खोटे आढळल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील. मी ती ओळ दोनदा वाचली.

"आजच पाहिजे?"

"आत्ताच. पाचाच्या आत थितं पोचाया हवं. आज शेवटचा दिस हाय."

शेवटचा दिवस. हे मी किती ट्रकवाल्यांच्या तोंडून ऐकलं होतं, काय सांगू. मी दोन्ही हात खिशात घातले. खरं सांगतो, मुद्दाम घातले, त्यांना दिसतील असे. "मामा, कागद ठेवून जा. मेव्हण्याला दाखवतो, तो वकिलाकडे कामाला आहे. सोमवारी नक्की देतो."

मला वाटलं आता मामा चिडतील, किंवा निदान सांगतील तरी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "वाचल्याबिगर करू नगं."

आणि कागद माझ्यापाशी ठेवून ते गेले. मला तेव्हा थोडं बरंही वाटलं, लपवत नाही. त्यांचंच शस्त्र त्यांच्यावर चालवलं होतं ना मी.

मेव्हण्याने रविवारी कागद वाचला आणि म्हणाला, "अरे, यात काय आहे? तू या माणसाला ओळखतोस एवढंच लिहिलंय." सोमवारी सकाळी मी नोटरी करून कंपनीत गेलो तर मामा आले नव्हते. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. मामा खाली पाण्याची मोटर बघत होते. मी वर चढलो. मामी पलंगावर खिडकीकडे तोंड करून होती. तिने मला सगळं सांगितलं. क्लार्क, पाच दिवस, शुक्रवार. शुक्रवारी मामा त्या ऑफिसच्या बाकावर बंद होईपर्यंत बसले होते, नुसतेच, हातात काही नसताना.

"मग दुसऱ्या कुणाकडे का नाही गेले?" मी विचारलं.

"दुसरं कोण हाय त्यांना? पाचातलं च्यार दिस तुझी चौकशी केली त्यांनी. मी म्हणलं, अवो, नऊ वरसं त्यो पोरगा माझ्या हातचं खातोय, आणिक काय बघायचं ऱ्हायलंय? तर म्हणं, खात्री केलेली बरी. गुरुवारी सांजच्याला आले आन् हिथं माझ्यापाशी बसले. म्हणाले, पोरगा पास झाला."

मला तिच्याकडे बघवेना. नऊ वर्षांत मामांनी एकही नग पहिल्या तपासणीत पास केलेला मी बघितला नव्हता.

"तू कशाला तोंड पाडतोस?" ती म्हणाली. "तुझं काय चुकलं न्हाई. तू त्यांच्यावानी वागला, बास."

ते ऐकून तर मला जास्तच लागलं. तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जिन्यावर मामांची पावलं वाजली. ते आत आले, माझ्या हातातला कागद घेतला, नोटरीचा शिक्का उजेडाकडे धरून बघितला.

"नीट वाचलास का?"

"वाचलं मामा. मामा, मला..."

"मंग झालं," म्हणून त्यांनी कागद फाइलमध्ये घातला.

अर्ज मुदतीत पुरा नाही म्हणून फाइल परत आली. देहूरोडच्या मालकाने महिनाभर वाट बघून खोल्या दुसऱ्याला दिल्या. मग वरच्या साहेबांकडे उशीर माफ करायचा अर्ज, त्याच्या तारखा, हेलपाटे. प्रत्येक तारखेला मी रजा टाकून मामांबरोबर गेलो. मामा नको म्हणाले नाहीत, ये असंही म्हणाले नाहीत. वर्षभराने पैसे आले, आणि देहूरोडलाच दुसरीकडे तळमजला मिळाला. तिथे अंगण नाही, पण दार रस्त्याच्या सपाटीला आहे. ते वर्ष मामीने त्या खिडकीत काढलं. ते माझ्या नावावर आहे, आणि ते मला कुणी परत देणार नाही.

पण अखेरच्या सुनावणीच्या सकाळचं सांगायचं राहिलं. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून साहेबांनी दोघांना समोर बोलावलं होतं. मामांनी तिला घाबरत घाबरतच विचारलं. ती म्हणाली, "माझं पैसं हायेत. मीच सांगते सायबाला. काढा खुर्ची."

मामांनी घरातल्या तिन्ही खुर्च्या उलट्या करून पाय हलवून बघितले. एक निवडली. चादरीने मामीला पाठीशी बांधलं, गाठ तीनदा ओढून बघितली. आवाज ऐकून खालचा भाऊ न बोलावता वर आला आणि दारात उभा राहिला. मामांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तू पाठ धर." खुर्चीचे पुढचे पाय धरणारा माणूस जिन्यावर खालच्या बाजूला, उलटा उतरतो. सगळा भार त्याच्या अंगावर येतो, आणि त्याचा हात सुटला की सगळंच सुटतं. ती जागा त्यांनी मला दिली. मी खाली वाकून पाय धरले.

पहिल्या पायरीवर खुर्ची कलली. मामीने डाव्या हाताने कठडा घट्ट धरला.

"सोडंल वो त्यो," ती माझ्याकडे बघून मामांना म्हणाली.

"न्हाई सोडायचा," मामा माझ्या पाठीमागून म्हणाले. "धर नीट, गड्या. घाई न्हाई."

आम्ही एकेक पायरी उतरत राहिलो. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.